बर्फाची भिंत आणि पाण्याची साक्ष

(आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात चौथ्या दिवशी संध्याकाळी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. स्मरणिकेसाठी थोडा संक्षेप केला आहे.)



मंडळाचे सेक्रेटरी मला निमंत्रण द्यायला घरी आले तेव्हा म्हणाले, "काका, तुमच्या आवडीचं काहीही बोला, पण अर्ध्या तासात आटपा, नंतर मुलांची नाट्यछटा आहे." तेव्हा मी घड्याळ समोर ठेवूनच बोलणार आहे. चाळीस वर्षे खाणीत पाण्याशी झटापट करणाऱ्या माणसाच्या आवडीचे म्हणजे पाणीच असणार. मात्र आजचे पाणी आपल्या दामोदरचे नाही. ते अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातले आहे, आणि त्याला अडवायला जी भिंत बांधली होती ती दगडाची नव्हती की सिमेंटची नव्हती. ती बर्फाची होती.

२०१४ साली आम्ही दोघे मुलीकडे डेन्व्हरला गेलो होतो. जावईबापूंनी विचारले, "बाबा, तुम्हाला काय पाहायचंय?" ग्रँड कॅन्यन, लास व्हेगास अशी नावे अपेक्षित असावीत. मी म्हणालो, "मला पीआन्सचं खोरं दाखवा." घरात शांतता. हिने कपाळावर हात मारला. पण जावई भला माणूस. रायफल नावाच्या गावावरून मीकरच्या रस्त्याने त्याने आम्हाला तिकडे नेले. पाहायला काय मिळाले? उजाड टेकड्या, करड्या रंगाची खुरटी झुडपे, एक अरुंदसा ओढा आणि तारेचे कुंपण. सौ. म्हणाल्या, "यासाठी पाच तास गाडी चालवली?" मी म्हणालो, "अगं, बघायचं ते सगळं जमिनीखाली आहे."

त्या जमिनीखाली ऑइल शेल आहे. नावात ऑइल असले तरी त्यात तेल नाही. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी तेथे मोठमोठी सरोवरे होती. त्यांच्या तळाशी शेवाळ आणि गाळ साचत गेला, त्याचा दगड झाला. त्या दगडात केरोजेन नावाचा सेंद्रिय पदार्थ आहे. तेल होण्यासाठी पृथ्वीच्या पोटात जेवढे शिजायला हवे होते तेवढा तो शिजलेला नाही. अर्धवट शिजलेला भात म्हणा. तो आपण शिजवला तर तेल मिळते. आणि साठा केवढा? अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण विभागाने २००९ साली पीआन्सच्या एकट्या खोऱ्यात सुमारे दीड लाख कोटी बॅरल तेलाइतका साठा दगडात असल्याचा अंदाज दिला. हे दगडातले तेल बरे का, हातात येणारे नव्हे.

या तेलाने माणसांना अनेकदा हूल दिली आहे. दगड खणून काढायचा, भट्टीत भाजायचा, असा एक प्रचंड प्रकल्प तेथे उभा राहत होता. २ मे १९८२ रोजी, रविवारी, तो एकाएकी बंद झाल्याचे जाहीर झाले आणि दोन हजारांहून अधिक लोकांची नोकरी गेली. त्या भागात त्या दिवसाला अजून 'काळा रविवार' म्हणतात. खाणगावात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना त्याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

नंतर शेल कंपनीने दुसरा विचार केला. दगड वर आणायचाच नाही. तो जागच्या जागी शिजवायचा. जमिनीत बोअर घ्यायचे, त्यांत विजेचे हीटर सोडायचे आणि दगड तीन-चार वर्षे तापवत ३४० ते ३७० अंश सेल्सिअसपर्यंत न्यायचा. मग केरोजेनचे तेल आणि वायू होतात, ते दुसऱ्या बोअरमधून वर काढायचे. हा प्रयोग त्यांनी लहान प्रमाणावर करूनही पाहिला. ३० फूट बाय ४० फूट, म्हणजे आपल्या या मांडवापेक्षाही लहान जागेतून २००४-०५ मध्ये सुमारे १७०० बॅरल तेल निघाले.

मग अडचण कुठे होती? अडचण पाण्याची. त्या खोऱ्यात शेलच्या मुख्य थराच्या वरही पाणी आहे आणि खालीही पाणी आहे. काही थरांत पूर्वी असलेले क्षार विरघळून गेल्याने दगडाला पोकळ्या पडल्या आहेत, त्यांतून पाणी सहज वाहते. ते ओढ्यांना मिळते, ओढे व्हाइट नदीला, व्हाइट नदी ग्रीन नदीला आणि ग्रीन नदी कोलोरॅडोला. कोलोरॅडो नदीच्या पाण्यावर सात राज्यांतील सुमारे चार कोटी माणसे अवलंबून आहेत. आता तापवलेल्या दगडात बाहेरचे पाणी शिरले तर दोन गोष्टी होतात. एक, तुमची सगळी उष्णता पाणी उकळण्यात जाते. दुसरी जास्त गंभीर. तेल सुटलेल्या दगडातून बेंझीनसारखी विषारी द्रव्ये पाण्यात उतरतात आणि ते पाणी वाहत वाहत बाहेर जाते. म्हणून शिजवायच्या जागेभोवती आधी पाणबंद कुंपण हवे. तेही जमिनीखाली शेकडो मीटर.

त्यांनी ते बर्फाचे करायचे ठरवले. बालमित्रांनो, आता तुमच्यासाठी सांगतो. आमच्या लहानपणी घरी आइस्क्रीमचा पॉट असायचा. लाकडी बादलीत बर्फ आणि जाडे मीठ, मध्ये दुधाचा डबा, आणि हँडल फिरवायला आम्ही मुले. मिठाचे पाणी शून्याच्या खाली जाऊनही पातळच राहते आणि डब्यातल्या दुधाची उष्णता ओढून घेते. ही युक्ती जमिनीत वापरायची. जमिनीत नळ्या सोडायच्या, त्यांतून अतिथंड द्रव खेळवायचा. प्रत्येक नळीभोवती ओला दगड गोठतो, बर्फाचा खांब तयार होतो. खांब जाड होत होत शेजारच्या खांबाला चिकटले की झाली भिंत. हे तंत्र आपल्याच धंद्यातले आहे. जर्मनीत पोएत्श नावाच्या अभियंत्याने १८८३ साली त्याचे पेटंट घेतले, ते कोळशाच्या खाणीची चानक पाणथळ वाळूतून खाली नेण्यासाठी.

कोलोरॅडोत शेलने मुद्दाम फक्त या भिंतीची चाचणी घेण्यासाठी वेगळी जागा निवडली. फुटबॉलच्या मैदानाएवढ्या जागेभोवती १५७ बोअर, प्रत्येक आठ फुटांवर, खोली १८०० फूट. गुणाकार केला तर नुसते खोदकामच ८६ किलोमीटर भरते. नळ्यांतून अमोनियाचे पाणी खेळवायचे, उणे ४० अंशांच्या आसपास. आणि लक्षात घ्या, या जागेत हीटर नव्हते. तेल काढायचे नव्हते. प्रश्न एकच होता. भिंत होते का, आणि झाली हे कळते का?

परतताना गाडीत मुलीने मला नेमके हेच विचारले. "बाबा, जी भिंत दिसत नाही, जिच्यापाशी जाता येत नाही, ती बांधून झाली हे कळतं कसं?"

मंडळी, आजच्या व्याख्यानाचे सार या प्रश्नातच आहे.

बर्फाची भिंत न होण्याची कारणे पुष्कळ. पहिले कारण बोअरचे. १८०० फूट खोल बोअर सरळ जातोच असे नाही. एका अंशाने कलला तरी तळाशी तो ३१ फूट भरकटतो. वरती आठ फुटांवर असलेले दोन शेजारी खाली एकमेकांना पाठ करून दूर गेलेले असतात, म्हणून प्रत्येक बोअरचा कल खालपर्यंत मोजावा लागतो. दुसरे कारण खारटपणा. खारे पाणी शून्य अंशाला गोठत नाही. जितके मीठ जास्त तितके ते हट्टी. तिसरे कारण वेग. वाहते पाणी आपल्याबरोबर ऊब घेऊन येते. दोन खांब जवळ येऊ लागले की उरलेल्या फटीतून पाणी आणखी जोरात धावते, आणि तीच फट शेवटपर्यंत बंद होत नाही. एकशे छप्पन्न ठिकाणी भिंत पक्की आणि एका ठिकाणी खिडकी असेल, तर ती भिंत नव्हेच.

मग ओळखायचे कसे? नळ्यांजवळचे तापमान मोजतात, पण तापमान फक्त तिथले सांगते जिथे तुम्ही मोजले. खिडकी नेमकी तिथे असते जिथे मोजलेले नसते. म्हणून शेवटी पाण्यालाच विचारावे लागते.

पहिली खूण मोठी गमतीची आहे. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते. कडे पूर्ण झालेले नसताना ही फुगवट फटीतून बाहेर निसटते. पण कडे जुळले की आतल्या पाण्याला वाटच राहत नाही, आणि मधल्या बोअरमधली पातळी आपोआप चढू लागते. कोणी पंप लावलेला नाही, पाऊस नाही, तरी पाणी वर येते. ज्या दिवशी ते चढायला लागते त्या दिवशी ते सांगत असते की मी आत कोंडलो गेलो. चानकी गोठवणारे लोक फार पूर्वीपासून या खुणेची वाट पाहत आले आहेत.

दुसरी परीक्षा पंपाची. आतले पाणी उपसायला लागायचे आणि बाहेरच्या बोअरवर लक्ष ठेवायचे. आतली पातळी उतरत गेली आणि बाहेरची जागची हलली नाही, तर कडे पक्के. मग पंप थांबवायचा आणि पाहायचे, आतली पातळी पुन्हा चढते का. किती वेगाने चढते यावरून गळती मोजता येते. आणि हे प्रत्येक थरासाठी वेगवेगळे करावे लागते, कारण वरच्या थरात भिंत चांगली आणि खालच्या थरात चाळणी असेही होऊ शकते. तिसरी परीक्षा सर्वांत अवघड. समजा भोक पडलेच, तर ते आपल्याला कळते का, किती दिवसांत कळते, आणि बुजवता येते का? ज्याने ही परीक्षा घेतली नाही त्याने आपल्या भिंतीची नव्हे, आपल्या नशिबाची परीक्षा घेतली.

हे मी एवढ्या ठासून सांगतो त्याला कारण आहे. ते आजवर जाहीरपणे सांगितले नव्हते.

चासनाला झाले तेव्हा, २७ डिसेंबर १९७५ला, मी येथेच खाण अभियांत्रिकी शिकत होतो. वरच्या भागात साठलेले पाणी खालच्या खाणीत घुसले आणि पावणेचारशे कामगार गेले. त्या दिवसांत या गावात जे वातावरण होते ते समोर बसलेल्या अनेकांना आठवत असेल. आम्ही मुलांनी तेव्हा शपथा घेतल्या होत्या की आपल्या हातून पाण्याच्या बाबतीत हयगय होणार नाही.

त्यानंतर नऊ वर्षांनी एका खाणीत, तिचे नाव घेत नाही, जुन्या कामाचे पाणी अडवण्यासाठी एका गॅलरीत काँक्रीटचा बांध घातला. काम माझ्या देखरेखीखाली. बांधातून एक पाइप, त्याला व्हॉल्व्ह आणि गेज. पाणी मागे चढू दिले. साठ मीटर पाण्याचा दाब, म्हणजे गेजवर सहा किलोच्या आसपास. काटा चढला आणि स्थिर झाला. एक शिफ्ट, आठ तास, आम्ही काट्याकडे पाहत बसलो. काटा हलला नाही. बांधावर पाण्याचा थेंब नाही. वरून निरोपावर निरोप येत होते की सेक्शन कधी सुरू करता.

आमच्याबरोबर एक वयस्कर माइनिंग सरदार होते. आरा जिल्ह्यातले. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. ते म्हणाले, "बाबू, आठ घंटा तो पानी को रास्ता खोजने में लगता है. दस दिन दीजिए."

मी त्यांच्याकडे पाहून हसलो आणि कागदावर सही केली.

सहाव्या दिवशी पहाटेच्या फेरीत चाचा बांधापाशी गेले. मग उगाच पुढे चालत जाऊन त्यांनी शेजारच्या पिलरला हात लावला. हात ओला झाला. त्यांनी मला बोलावून घेतले. "बाबू, आपका बांध सूखा है. पिलर पसीना छोड़ रहा है."

मंडळी, मी बांधाची चाचणी घेतली होती. बांध ज्याच्यात रोवला होता त्या कोळशाची घेतलीच नव्हती. पाण्याला माझ्या काँक्रीटशी काही घेणे नव्हते. ते बाजूच्या भेगांतून, शांतपणे, सहा दिवस वाट शोधत होते. चाचांनी माझ्या हुकमाची वाट न पाहता सेक्शनमधली माणसे बाहेर काढायला सुरुवात केली होती. बत्तीस माणसे. व्हॉल्व्ह उघडून दाब उतरवायचा आम्ही प्रयत्न केला, पण उशीर झाला होता. रात्री पिलरची बाजू फुटली आणि खालच्या गॅलऱ्या भरल्या. एक पंप आणि हॉलेजचा दोर पाण्याखाली गेला. माणूस एकही गेला नाही.

चौकशीत 'कोळशातील स्थानिक भेगा' असे कारण लिहिले गेले. ते खोटे नव्हते. पण त्या भेगा शोधण्याचे काम ज्याचे होते त्याची सही कागदावर होती. मला कोणी काही बोलले नाही. चाचाही बोलले नाहीत. दुसऱ्या खेपेला आम्ही बांधाच्या चारही बाजूंच्या कोळशात सिमेंट दाबून भरले आणि दाब चढवल्यावर एकवीस दिवस थांबलो. रोजच्या नोंदी चाचा माझ्याकडून लिहून घेत. ते स्वतः फारसे शिकलेले नव्हते, पण वहीत काल काय लिहिले होते ते त्यांना पाठ असे.

म्हणून पीआन्सच्या त्या कुंपणापाशी मी बराच वेळ उभा होतो. एवढी मोठी कंपनी, एवढे मोठे घबाड पायाखाली, आणि त्यांनी आधी काय केले? तेलाचा एक थेंबही न काढता नुसती भिंत तपासायला १५७ बोअर घेतले. २००७ पासून पुढे काही वर्षे फक्त पाण्याला प्रश्न विचारत राहिले. मला चाचांची आठवण आली. दस दिन दीजिए.

तुम्ही विचाराल, मग पुढे काय झाले? सप्टेंबर २०१३ मध्ये शेलने कोलोरॅडोतले ऑइल शेलचे संशोधन थांबवले आणि भांडवल दुसरीकडे वळवले. व्यापारी उत्पादन झालेच नाही. बर्फाची भिंत हा त्यातला एक प्रश्न होता, बाकीचे प्रश्नही डोंगराएवढे होते. रँड या अमेरिकी संस्थेने २००५ साली हिशेब मांडला होता की या पद्धतीने रोज एक लाख बॅरल तेल काढायचे तर सुमारे १२०० मेगावॉट वीज लागेल. म्हणजे तेलासाठी आधी एक मोठे वीजकेंद्र बांधा. शिवाय तेल काढून झाले म्हणून भिंत सोडता येत नाही. आतला दगड निवेपर्यंत आणि धुऊन स्वच्छ होईपर्यंत थंडावा चालूच ठेवावा लागतो. सुदैवाने एवढा मोठा बर्फ वीज गेल्याबरोबर वितळत नाही, तेवढी सवड तो देतो. पण सवड म्हणजे सुटका नव्हे.

काही जण म्हणतील, मग एवढा खर्च वायाच गेला की! मला तसे वाटत नाही. १९८२ साली तेथे आधी माणसे जमा केली, गावे वसवली आणि मग हिशेब चुकला. या वेळी आधी तपासले. प्रकल्प थांबला, पण त्याच्यामागे विषारी पाण्याचे तळे राहिले नाही. चाचणीचा उपयोग 'हो' म्हणण्यासाठी असतो तसाच 'थांबा' म्हणण्यासाठीही असतो.

बर्फाच्या भिंतीची गोष्टही तेथे संपली नाही. जपानमध्ये फुकुशिमाच्या अणुकेंद्राभोवती अशीच भिंत घातली, दीड किलोमीटर लांब, ३० मीटर खोल, १५६८ नळ्यांची. मार्च २०१६च्या अखेरीस गोठवायला सुरुवात झाली. तेथेही जिथे पाण्याचा वेग जास्त होता ते भाग गोठेनात. शेवटी तेथे सिमेंटसारखे द्रव्य जमिनीत भरून पाण्याचा वेग आधी कमी करावा लागला. हेही त्यांना कळले ते तपासत राहिल्यामुळे.

आता शेवटचे. आपल्या या कोळशाच्या पट्ट्यात बंद झालेल्या खाणी पाण्याने भरत आहेत. त्यांच्या शेजारी चालू खाणी आहेत, आणि दोहोंमध्ये कुठे पिलर, कुठे बांध, कुठे केवळ जुना नकाशा. इथे बसलेली कितीतरी तरुण मुले त्या कागदांवर सह्या करणार आहेत. त्यांना माझे सांगणे एवढेच. बांधणाऱ्याने स्वतःच्या बांधाला पास करू नये. ज्याला घाई नाही त्याला तपासू द्या. बांधाबरोबर त्याच्या शेजारच्या भिंतीलाही हात लावून पाहा. आणि तुमच्या हाताखालचा एखादा चाचा "थोडं थांबा" म्हणाला तर हसू नका.

चाचा १९९१ साली निवृत्त होऊन गावी गेले. जाताना त्यांनी माझ्याकडे ती नोंदवही मागितली. मी दिली. एकवीस दिवसांचे एकवीस आकडे, सगळे जवळजवळ सारखे. ते म्हणाले, "बाबू, यह सबसे अच्छा किताब है. इसमें कुछ नहीं हुआ."

खाणीतल्या माणसाला याहून मोठा आशीर्वाद नाही. आपणा सर्वांच्या नोंदवह्यांत 'काही झाले नाही' असेच लिहिले जावो, हीच विघ्नहर्त्याच्या चरणी प्रार्थना. घड्याळाप्रमाणे माझा अर्धा तास झाला. बालकलाकारांनी रंगमंचाचा ताबा घ्यावा.

गणपती बाप्पा मोरया!